सहावं स्टूल

३ फेब्रुवारी, सोमवार

दीक्षाने फोनवर दम दिलाय. आई, रोज चार ओळी लिहायच्या. ही पहिली ओळ. ही दुसरी. तिसरीला हात दुखायला लागला.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीसुद्धा निम्मी भाताच्या कापणीत गेली. पण मानकोलीच्या गोडाऊनमध्ये सोळा वर्षं काढलीत. इतके दिवस पॅकिंगला होते. एक तारखेपासून मला रिटर्नची इन्चार्ज केलंय. रिटर्न म्हणजे लोकांनी मोबाईलवरून मागवलेलं आणि नको म्हणून परत पाठवलेलं. ते उघडायचं, तपासायचं, स्टिकर लावायचं. हिरवं लावलं की माल परत विकायला. पिवळं लावलं की दुरुस्तीला. लाल लावलं की भंगार, मग हिरामणचा टेम्पो येतो आणि घेऊन जातो. हाताखाली चार बायका.

दीपेश सर बोलले, "शेवंताताई, हा महिना बघू. जमलं तर कायम. पण लाल स्टिकरचा रिपोर्ट तुमच्या हाताने, सही तुमची." सर आमच्या दीक्षापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्यांच्या आजोबांच्या शेतावरच हे गोडाऊन उभं आहे.

नाही जमलं तर परत पॅकिंगला. ते मला नको. सोळा वर्षं टेप लावली, बस झाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिलं नाही. काय घडलंच नाही तर काय लिहू.

आज आमच्या ह्यांच्याबद्दल लिहिते. नाव वाल्मीक. आधी कापडाच्या लूमचं लाकूडकाम करायचे. लूम बंद पडले, आता आमच्याच गोडाऊनच्या मागच्या शेडमध्ये मोडकी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, ठोकतात. हात चांगला. तोंडाचं मात्र अवघड. एक वाक्य सुरू केलं की मी भाकरी थापून, भाजून, डब्यात ठेवते तरी ते वाक्य चाललेलंच. मला तेवढा धीर नाही. मी पुढचं मीच बोलून टाकते आणि कामाला लागते. सत्तावीस वर्षांत कधी अडलं नाही.

ही डायरी कंपनीची. आत रेघा आहेत हे बरं, नाहीतर माझी अक्षरं उतारावरून घसरतात. रेघा जाड आणि थोड्या वाकड्या आहेत. कंपनीने स्वस्तात छापून घेतली असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी चोरी पकडली.

सहा खोकी आली. एकेक उतरवायला तीन-तीन हमाल. खोक्यावर इंग्रजीत वुड लिहिलेलं. इंग्रजी मला खोक्यांनीच शिकवलं. ग्लास, वुड, वरची बाजू, एवढं वाचता येतं. उघडलं तर गुडघ्याएवढं स्टूल. झाडाचा बुंधा कापून ठेवावा तसं. बाजूने सालीसारखं खडबडीत, वरून आरशासारखं गुळगुळीत. पण हात लावला तर थंडगार. लाकूड कधी असं थंड लागतं का?

गिऱ्हाइकांनी परत पाठवताना लिहिलेलं दीपेश सरांनी वाचून दाखवलं. एका बाईने लिहिलेलं, लाकडी स्टूल मागवलं, घरी पाटा आला. दुसऱ्याने लिहिलेलं, चौथ्या मजल्यावर चढवताना कुरियरवाला जिन्यात बसून राहिला.

मी नखाने दाबलं. चावीने ओरखडलं. लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं मशीन लावलं तर त्यातली एक सुई मोडली. शेवटी एकाला बाहेर नेऊन कडेला पेटती काडी धरली. काजळी धरली. पदराने पुसली, खाली जसंच्या तसं. एका स्टुलाला मधोमध भेग होती आणि भेगेत साखरेसारखे दाणे चमकत होते. म्हटलं, बघा, काच भरून सांधलंय.

लाकूड सांगून दगड पाठवलाय, म्हणजे माल खोटा. सहाही स्टुलांना लाल स्टिकर. दीपेश सरांनी विचारलं, "ताई, नक्की ना?" मी बोलले, "सर, चुलीत घालून दाखवू का?" त्यांनी मान हलवली, मी सही केली.

चार बायकांनी चहाच्या वेळी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल हिरामणचा टेम्पो आला, सहा स्टुलं घेऊन शेलारला गेला.

टेम्पो भरायच्या आधी दुपारच्या सुट्टीत आमचे हे शेडमधून आले. एका स्टुलापाशी उकिडवे बसले आणि हात फिरवत राहिले. डबा तसाच. मला बोलले, "शेवंता, ह्या स्टुलांचं ना..." आणि थांबले. तिकडे हिरामण हॉर्नवर हॉर्न मारतोय. मी बोलले, "घरी सांगा." घरी आल्यावर मी दीक्षाशी फोनवर बोलले आणि झोपले. सकाळी विचारलं, काय सांगत होता? बोलले, "गेला ना टेम्पो." मग विषय संपला.

भेगेच्या कडेचा एक टवका पडला होता, तो उचलून आणलाय ह्यांनी. खिडकीत ठेवलाय. घरात कचरा कमी आहे का.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझं वाटोळं झालं.

स्टुलं ज्या कंपनीची, तिथली एक मुलगी गाडीने आली. क्षितिजा नाव. केस आखूड, पायात बूट. बोलली, "ती सहा पीस न्यायला आलेय. एक तारखेला प्रदर्शन आहे, त्यात मांडायचेत." दीपेश सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, खोटी निघाली, भंगारात दिली.

ती आधी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिचा चेहरा उतरला. तिने एका स्टुलाची किंमत सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. दीक्षाने वाचलं तर ती पुण्याहून ड्युटी सोडून येईल.

दीपेश सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. बोलले, "अठ्ठावीसपर्यंत सहाच्या सहा इथे पाहिजेत. नाहीतर रिपोर्ट वर जाईल आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्षितिजा आज परत आली. मला वाटलं भांडायला. तर ती पर्समधून तसल्याच दगडाची, पोळपाटाहून लहान एक चकती काढून बसली माझ्यासमोर.

"मावशी, हे लाकूडच होतं."

"होतं म्हणजे? मग गेलं कुठे?"

"पाण्याने नेलं. आणि त्याच्या जागी दगड ठेवला."

मी बोलले, "बाई, मी चौथी शिकले म्हणून काही पण सांगू नकोस."

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. तिकडे जावा बेटावर एक झाड पडलं. वर ज्वालामुखीची राख आणि चिखल पडला. आत हवाच नाही, म्हणून झाड कुजलं नाही. राखेतून पाणी झिरपत राहिलं. वाळूत आणि काचेत जो पदार्थ असतो तोच त्या पाण्यात विरघळलेला होता. पाणी लाकडाच्या आत, जिथे जिथे बारीकशी पोकळी तिथे तिथे शिरलं आणि तो पदार्थ तिथे ठेवून गेलं. पोकळ्या भरल्या. मग लाकूड कणाकणाने विरून गेलं आणि प्रत्येक कणाच्या जागी दगड बसला. पाण्यात लोखंड असेल तर तांबूस रंग येतो. भेगेतले साखरेचे दाणे म्हणजे तोच पदार्थ, मोकळी जागा मिळाली म्हणून खड्यासारखा वाढलेला.

मी बोलले, "आमच्या हंड्याला बोअरिंगच्या पाण्याचं पांढरं बसतं, तसं?"

ती बोलली, "तसंच. पण हंड्याच्या वरून बसत नाही, हंड्याच्या आतून हंडाच बदलतो."

"किती दिवस लागतात?"

"हे झाड दोन कोटी वर्षांचं आहे."

"एवढा वेळ कुणाला असतो!" माझ्या तोंडून निघून गेलं. ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. मला अजूनही पटलेलं नाही. लाकूड कडक असतं. त्याच्यात पाणी शिरतं कुठून?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल मी घरी बडबडत होते, लाकडाला काय नळ बसवलेत का. आमचे हे जेवता जेवता उठले. बाहेरदेशी पॅलेटच्या लाकडाचा वीतभर तुकडा करवतीने सरळ कापून आणला. वाटीत साबणाचं पाणी केलं. तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवलं, दुसरं ओठात धरलं आणि गाल फुगवून फुंकर मारली.

पाण्यातल्या टोकाला फेस आला. बुडबुडे! लाकडाच्या आरपार!

मी तुकडा हिसकावून घेतला. उजेडात धरला, भोक कुठेच दिसेना. फुंकलं, परत बुडबुडे. चार वेळा केलं. माझ्या नाकाला साबण लागला.

हे बोलले, "झाड... पाणी पितं ना. मुळातून वर. त्या वाटा आहेत. मेलं तरी वाटा राहतात."

एवढं लांब वाक्य मी ह्यांचं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं, कारण माझं तोंड लाकडाने भरलेलं होतं.

मग त्यांनी खिडकीतला टवका आणून हातात दिला. कडेला बारीक बारीक गोल रेघा होत्या. मी सहा तारखेला बघितल्याच नव्हत्या. मी फक्त लाकूड आहे का, एवढंच बघत होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हाफ डे घेऊन शेलारला हिरामणच्या वखारीत गेले. तीन स्टुलांवर त्याचे कामगार बसून चहा पीत होते. दोन स्टुलं ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून. दोन कोटी वर्षांचं झाड ताडपत्री धरून बसलेलं.

हिरामण बोलला, "वहिनी, तुमचे मालक तर मंगळवारीच येऊन गेले. ही पाच मोजली, बोलले तोडू नको, फोडू नको, शेवंता येईल."

मंगळवारी हे उशिरा आले, कपड्यांना सगळी धूळ. मी विचारलंही नाही कुठे होता. उलट धुण्यावरून बडबडले.

पाच स्टुलं देतो बोलला. आमच्या गोडाऊनचा माल त्याला पुढेही हवा आहे, त्यामुळे त्याने कटकट केली नाही. पण सहावं?

"सहावं मावशीला दिलं. गणेशपुरीला. तिला धुण्याचा दगड पाहिजे होता."

"काय?"

"वहिनी, लाल स्टिकर होतं. मला काय माहीत ते झाड हाय!"

त्याला काय बोलणार. मलाही माहीत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात वंदना करून आम्ही दोघं एसटीने गणेशपुरीला गेलो. बसमध्ये आश्रमाला जाणारे लोक पांढऱ्या कपड्यात, मी घाईत चप्पल वेगवेगळ्या घातलेल्या.

हिरामणची मावशी म्हणजे धोंडूबाई. सत्तरीची, कंबरेत वाकलेली, पण आवाज असा की चिंचेवरचे बगळे उडाले. मागल्या अंगणात विहिरीजवळ आमचं स्टूल उभं. त्यावर साबणाचा फेस आणि गोधडी.

मी सरळ बोलले, "आजी, हा दगड चुकून आलाय. आम्ही न्यायला आलो."

"न्हाय देनार."

"दुसरा आणून देते. बाजारातला, कोरा."

"न्हाय म्हनले ना. तुला कानात काय झालंय? मी चाळीस वरसं जमिनीवर वाकून धुनं धुतलंय. हा पयला दगड हाय जो माझ्या वाकल्या कमरेला हाताशी येतो. मी उभी राहून धुते. रातीला झोप लागते मला आता."

मी बोलले, "अहो, हे स्टूल आहे! महाग आहे! हे झाड होतं!"

"मंग तर झालंच. झाडावर माझा तुझ्यापेक्षा जास्त हक हाय. तू मानकोलीच्या शेडात राहतेस, मी वावरात."

मी आवाज चढवला. तिने माझ्यापेक्षा चढवला. आमचे हे स्टुलाला वीत लावून उंची मोजत होते. मला इतका राग आला, म्हटलं इथे आग लागलीय आणि हा माणूस मापं घेतोय.

धोंडूबाईने राग संपल्यावर चहा दिला. तिच्या घरात ज्या कपात सगळे पितात त्याच कपात. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाच स्टुलं आली. दीपेश सरांनी मोजली. "सहावं?" मी बोलले, येतंय. "ताई, अकरा दिवस राहिलेत." मला मोजता येतं.

ह्यांनी आठवड्याची सुट्टी टाकलीय. मला न विचारता! पाठीवर हत्याराची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीने गेले. विचारलं कुठे, तर बोलले, "आजीचं... थोडं काम." माझं काम बुडतंय आणि हे आजीचं काम करणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे तिकडेच धोंडूबाईच्या ओटीवर राहिलेत. फोन केला तर बोलले, चाललंय. काय चाललंय? चाललंय.

इथून पुढे डायरीच्या पानांवर रेघा नाहीत. कंपनीने छापताना मधेच सोडून दिल्या. माझी ओळ बघा कशी खाली चाललीय. कुणाला तक्रार करू?

घरात एकटी असले की आवाज फार येतो. भांड्यांचा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दीपेश सर केबिनमध्ये बोलावून हळूच बोलले, "ताई, सहावं नाही आलं तर मी लिहितो की टेम्पोत चढवताना फुटलं. हमालांची चूक. तुमचं नाव येणार नाही."

चांगला आहे तो मनाने. मी हो बोलणारच होते. मग मला ते तीन हमाल आठवले, सत्तर किलोचं स्टूल छातीशी धरून उतरवणारे. एकालाही ओरखडा येऊ दिला नव्हता. मी बोलले, उद्या सांगते.

रात्रभर विचार करणारी बाई मी नाही. झोपले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. हमालांचं नाव घालायचं नाही. माझी चूक मीच लिहीन. सर बोलले, "स्पेलिंग चुकेल." मी बोलले, "स्टिकर चुकवलं, स्पेलिंगचं काय घेऊन बसलात."

२३ फेब्रुवारी, रविवार

गणेशपुरीला गेले. ठरवून गेले होते की भांडायचंच. अंगणात बघते तर विहिरीजवळ नवा ओटा. खाली पॅलेटच्या जाड लाकडाची चौकट, चार पाय, आडवे आधार, सगळ्या सांध्यांत लाकडाच्या खुंट्या. वर काळ्या दगडाची सपाट लादी. आणि उंची? बोटभर इकडेतिकडे नाही, स्टुलाएवढीच. पाणी वाहून जायला एका बाजूला हलका उतार.

म्हणजे हे मापं घेत होते ते ह्याच्यासाठी.

मी धोंडूबाईला बोलले, "झालं ना आता? नेऊ आमचं?"

"थांब गं. घोड्यावर आलीस का? तुझा दादला चार दिस बोलला न्हाय, पन काम केलं. तू आल्यापास्नं नुसती बोलतेस." मग माझ्या अंगावर कपड्यांचा ढीग टाकला. "निम्मं जुन्यावर धू, निम्मं नव्यावर. तूच सांग कंचा बरा."

मी धुतलं. काय करणार. आधी स्टुलावर. गोधडी आपटली, साबण लावला, तांब्याने पाणी ओतलं आणि हात थांबला.

ओलं झाल्यावर स्टूल वेगळंच दिसतं. फेस सरकला आणि खालून वलयं वर आली. एकात एक, एकात एक. मधोमध पिवळसर, मग तांबडं, मग कडेला काळं. एका बाजूला वलयं दाटलेली, एका बाजूला सैल. एका जागी लहानसा डोळा, फांदी फुटली होती तिथे. ती फांदी पुढे कुठे गेली असेल? तिच्यावर काय बसत असेल? मी वेड्यासारखी तांब्यावर तांब्या ओतत राहिले, वाळू नये म्हणून.

सहा तारखेला मी ह्याच्या कडेला काडी लावली होती. हे जळलं नाही म्हणून खोटं ठरवलं होतं.

धोंडूबाई बोलली, "धुतेस का पूजा करतेस?"

मग नव्या ओट्यावर धुतलं. खरं सांगायचं तर लादी मोठी असल्यामुळे नवा जास्त सोयीचा. मी तसं सांगितलं. ती बोलली, "हे मला परवाच कळलंय. पन तुला कळाया पायजे होतं. न्या आता. पन एक दिस थांब, गोधड्या संपवू दे."

आता एक दिवस जाऊ दे. तिथे दोन कोटी वर्षं गेली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

एक दिवसाचे तीन झाले. आज महाशिवरात्र. वज्रेश्वरीपासून गणेशपुरीपर्यंत गाड्याच गाड्या. हिरामणचा टेम्पो अंबाडीच्या पुढे सरकेना, परत फिरला. मी गोडाऊनमध्ये बसून घड्याळाकडे बघतेय. दीपेश सर माझ्याकडे बघतायत. मी कुणाला काही बोलले नाही. बायका एकमेकींना विचारत होत्या, ताईला बरं नाही का.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आलं! संध्याकाळी साडेपाचला टेम्पो आला. पुढे हिरामण, मागे आमचे हे, गोधडीत गुंडाळलेल्या स्टुलाला धरून बसलेले. गोधडी धोंडूबाईची. निरोप होता, गोधडी परत पायजे.

क्षितिजा भिंग घेऊन तपासायला बसली. अर्धा तास. कुठे ओरखडा नाही. बोलली, "मावशी, हे बाकीच्या पाचांपेक्षा जास्त चमकतंय. काय केलंत?" मी बोलले, "गोधड्या धुतल्या." तिला वाटलं मी परत गंमत करतेय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट लिहिला. तीन कागद फाडले. चौथा दिला तो इथे उतरवून ठेवते.

"सहा तारखेला मी सहा स्टुलांना लाल स्टिकर लावलं. खोक्यावर लाकूड लिहिलं होतं आणि आत दगड होता म्हणून मी खोटं समजले. दोन्ही बरोबर होतं हे मला माहीत नव्हतं. कुणाला विचारलं नाही. एक माणूस सांगत होता त्याचं ऐकलं नाही. हमालांची आणि टेम्पोवाल्याची काही चूक नाही. सहाही स्टुलं परत आली आहेत. यापुढे कळलं नाही तर पिवळं लावीन आणि विचारीन. शेवंता वाल्मीक."

दीपेश सरांनी दोनदा वाचला. बोलले, "एक पण काना मात्रा..." आणि कागदाची घडी घातली. चुका असतीलच. त्यांनी तसाच वर पाठवला. कायमचं आता नाही, मार्चभर बघू बोलले. पॅकिंगला परत जा असंही बोलले नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. एक महिना म्हणजे काय मोठा.

क्षितिजाने जाताना माझा रिपोर्ट मागून वाचला. बोलली, "मावशी, गिऱ्हाइकं परत पाठवतात कारण आम्ही नीट सांगतच नाही. प्रत्येक खोक्यात टाकायला एक कार्ड लिहून द्याल? मराठीत, असंच साधं." मी बोलले, मी? बोलली, "तुम्हालाच पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला ना. म्हणून."

हे कौतुक की टोमणा, ठरवलेलं नाही.

२ मार्च, रविवार

कार्ड लिहून झालं. "हे एक झाड होतं. ते पडलं, राखेत गाडलं गेलं. पाणी त्याच्या वाटांनी आत गेलं आणि हळूहळू त्याचा दगड केला. म्हणून थंड लागतं, म्हणून जड आहे. दोघांनी उचला. ओल्या फडक्याने पुसून बघा, झाडाचं वय दिसेल."

दीक्षाला फोनवर वाचून दाखवलं. मी ओरडले, ऐकतेस ना? बोलली, "आई, हे कुणी लिहिलं?" कुणी म्हणजे!

आज दुपारी हे धोंडूबाईची गोधडी धुवून वाळत घालत होते. परत नेऊन द्यायला पुढच्या रविवारी दोघं जाऊ.

डायरीच्या पानांवर कालपासून परत रेघा आहेत. अगदी पुढच्या महिन्यापर्यंत. कंपनीचं काही कळत नाही. ह्यांच्या कानावर सुताराची जाड पेन्सिल तशीच राहिलीय, झोपताना टोचेल, सांगायला पाहिजे.

जेवण झालं. हे समोर येऊन बसलेत. खिडकीतला टवका हातात घेतलाय, अंगठ्याने पुसतायत. बोलले, "शेवंता, त्या दिवशी ना... ह्या स्टुलांचं..."

आणि थांबलेत. अजून थांबलेत.

पेन ठेवते. ऐकते.